वांझ झाड नावाची थाप

"वांझ निघालं असेल. टाकून द्या, दुसरं घेऊन जा."

नर्सरीतल्या काकांनी हे इतक्या सहज म्हटलं की मीही आधी मान डोलावली. मग घरी येईपर्यंत स्वतःवर चिडत राहिले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडूनच मी साडेचारशे रुपयांना हायड्रेंजिया आणला होता. आणला तेव्हा त्याच्यावर निळसर फुलांचे तीन टपोरे गेंद होते. दीड महिन्यात ते हिरवट होऊन वाळले. त्यानंतर दोन वर्षं नुसती पानं. मोठी, तुकतुकीत, तळहाताएवढी पानं.

त्या दोन वर्षांत मी काय काय केलं ते आता सांगायलाही लाज वाटते. केळ्याच्या सालींचं पाणी घातलं. कांद्याच्या टरफलांचं पाणी घातलं. चहाचा चोथा, आंबट ताक, तांदळाचं धुवण, एप्सम सॉल्ट. मातीत गंजलेले खिळे खुपसले. आणि दर फेब्रुवारीत, थंडी ओसरली की, नव्या जोमानं फूट यावी म्हणून झाड चांगलं अर्ध्यापर्यंत छाटलं.

मजल्यावरच्या एक काकू हे सगळं बघत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, हाताला गुण असावा लागतो." मग आवाज खाली करून विचारलं, "त्या चार दिवसांत पाणी घालतेस का झाडांना?"

म्हणजे नर्सरीवाल्याच्या मते झाड वांझ, काकूंच्या मते माझा हात वाईट आणि फोनमधल्या रील्सच्या मते माझं केळं कमी पडलं. तिघांचंही एका गोष्टीवर एकमत होतं: दोष कुंडीच्या अलीकडे किंवा कुंडीच्या आत आहे. विकणाऱ्याकडे नाही आणि सल्ला देणाऱ्याकडे तर नाहीच नाही.

हे खोटं आहे, आणि ते खोटं का आहे हे सांगण्यासाठीच मी हे लिहितेय.

आधी त्या झाडाचं खरं काय ते बघू. आपल्याकडे नर्सरीत मिळतो तो गेंदवाला हायड्रेंजिया मूळचा जपानचा. वनस्पतिशास्त्रातलं त्याचं नाव हायड्रेंजिया मॅक्रोफिला. जपानी लोक त्याला 'अजिसाई' म्हणतात. तो तिथे जूनच्या पावसात फुलतो. कामाकुरातलं मेइगेत्सु-इन हे देऊळ तर याच फुलांसाठी प्रसिद्ध आहे. आता जूनमधला पाऊस आपल्याकडेही आहे, मग अडतं कुठे?

अडतं ते आदल्या थंडीत. या झाडाचं फूल फुलायच्या कितीतरी महिने आधी तयार होतं. उन्हाळा सरून रात्री गार व्हायला लागल्या, पारा साधारण १८ अंशांच्या खाली राहायला लागला आणि ही स्थिती सहाएक आठवडे टिकली, की काडीच्या टोकाच्या डोळ्यात फुलाचा गर्भ धरतो. बाहेरून काही दिसत नाही. डोळा थोडा फुगतो, एवढंच. मग कडक थंडीत झाड झोपतं आणि ऊब आल्यावर तोच डोळा उघडून त्यातून गेंद बाहेर येतो. म्हणजे तुम्ही एप्रिल-मेमध्ये ज्याला 'फूल येणं' म्हणता ते खरं तर गेल्या हिवाळ्यात जुन्या काडीवर येऊन बसलेलं असतं.

आता माझी फेब्रुवारीतली छाटणी आठवा. वर्षभर झाडानं जे काही जमवलं असेल, ते मी दरवर्षी स्वतःच्या हातानं कापून, कचऱ्याच्या पिशवीत भरून, खाली ठेवून येत होते. आणि वर ताक घालत होते.

हे मला माझ्या फोननं सांगितलं नाही. ते सांगितलं नाशिककडच्या एका मामांनी, ज्यांनी आयुष्यात हायड्रेंजिया लावलेला नाही. त्यांची द्राक्षबाग आहे. मी रडगाणं ऐकवलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला: "माल कुठल्या काडीवर येतो? जुन्या का नव्या?" मला प्रश्नच कळला नाही.

द्राक्षवाल्याला तो जन्मापासून कळतो. आपल्याकडे द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी. तिच्यानंतर ज्या नव्या काड्या येतात, त्यांच्या डोळ्यांत पुढच्या दोनेक महिन्यांत घड सूक्ष्म रूपात तयार होतो. मग ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, आणि तेव्हा घड कितव्या डोळ्यात आहे हे बघून त्याच्या पुढेच कात्री लावायची. काही बागायतदार तर छाटणीआधी काडी तपासून घेतात. चुकीच्या डोळ्यावर कात्री लागली तर वर्ष गेलं. तिथे कुणी म्हणत नाही की वेल वांझ आहे. विचारतात, छाटणी कुठे घेतली?

डाळिंबवाला बहार धरतो, म्हणजे पाणी तोडून झाडाला मुद्दाम ताण देतो. कोकणातला आंबेवाला डिसेंबरात थंडी पडेना की आभाळाकडे बघतो. झाडाचं फुलणं हवामानाच्या हिशोबानं चालतं, हे या महाराष्ट्रातल्या लाखो शेतकऱ्यांना पाठ आहे. फक्त शहरातल्या गॅलरीत आलं की तेच ज्ञान नाहीसं होतं आणि त्याच्या जागी 'प्रेमानं बोला, झाडाला कळतं' येऊन बसतं.

आता रील्सकडे वळू, कारण आपल्यातल्या बहुतेकांचं शेतीशास्त्राचं शिक्षण तिथेच झालंय.

'हा एक पदार्थ घाला, हायड्रेंजिया फुलांनी लगडेल!' या एका वाक्यावर किती चॅनेल चालतात ते शोधून बघा. त्यातला एकेक पदार्थ घेऊ. केळ्याच्या सालीत पोटॅशियम असतं हे खरं, पण साल कुजल्याशिवाय ते मुळांना फारसं मिळत नाही, आणि मिळालं तरी पोटॅशियमनं थंडीची उणीव भरून निघत नाही. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. मातीत मॅग्नेशियम कमी असेल तरच त्याचा उपयोग. खिळ्यांनी फूल निळं होतं म्हणे. खिळ्यात लोखंड असतं, आणि हायड्रेंजिया निळा होतो अ‍ॅल्युमिनियमनं. लोखंडाचा त्याच्याशी संबंध नाही. खतांचं म्हणाल तर नत्र जास्त झालं की झाड पानंच काढत बसतं. माझी ती तळहाताएवढी तुकतुकीत पानं, ज्यांचे फोटो मी कौतुकानं टाकत होते, ती बहुधा माझ्या अति खाऊ घालण्याचीच पावती होती.

मग सगळ्यात घातक सल्ला येतो: 'हिवाळा संपताना कडक छाटणी करा.' हा सल्ला खोटा नाही, आणि म्हणूनच तो घातक आहे. तो दुसऱ्या झाडाचा आहे. हायड्रेंजियाच्या काही जाती, उदाहरणार्थ पॅनिक्युलाटा आणि आर्बोरेसेन्स, त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर फुलतात. अमेरिकेतल्या बागांमध्ये त्या भरपूर असतात आणि तिथला माळी त्यांना हिवाळ्याच्या शेवटी खुशाल छाटतो. तिथल्या व्हिडिओवरून आपल्याकडचा कुणी व्हिडिओ बनवतो, जातीचं नाव गाळतो, 'हायड्रेंजिया' एवढंच ठेवतो, आणि फेब्रुवारीत पुण्यातल्या माझ्यासारख्या मुली कात्री घेऊन गॅलरीत जातात. एक शब्द गाळला आणि दोन वर्षं गेली.

कुणी म्हणेल, जाऊ दे ना, साडेचारशे रुपयांचं झाड, त्यावर एवढं काय? एका पिझ्झ्याचे पैसे. मान्य. पैशाचं मला फार वाटलं नाही.

वाटलं ते त्या शब्दाचं. 'वांझ' हा शब्द मी घरात लहानपणापासून ऐकलाय, आणि तो दर वेळी झाडाबद्दल नव्हता. माझ्या एका मावशीला मूल झालं नाही. घरातल्या कार्यात ओटी भरायची वेळ आली की ती आपसूक स्वयंपाकघरात काहीतरी काम काढायची. दोष कुणात आहे हे कुणी तपासलंही नव्हतं. तपासायची गरज काय, शब्द तयार होता. शब्द चिकटवला की कारण शोधायचं काम संपतं, ही त्या शब्दाची सगळ्यात मोठी सोय. नर्सरीतल्या काकांनी तीच सोय वापरली. त्यांचा हेतू वाईट नसेल. पण 'वांझ' म्हटल्यावर त्यांना हे सांगावं लागलं नाही, की बाई, हे झाड कुठल्या तरी गार जागी वाढवून, तिथे त्याच्यात फूल धरवून इथे आणलंय, आणि तुमच्या गॅलरीत ती गार जागा नाहीये.

काकूंच्या 'हाताला गुण' या समजुतीचं तेच. आणि पाळीच्या प्रश्नाचं तर विचारूच नका. लोणचं नासलं, पापड लाल झाले, तुळस वाळली, हायड्रेंजिया फुलला नाही: सगळ्याचं उत्तर एकाच बाईच्या अंगात सापडतं. थर्मामीटर बघायला कुणी जात नाही.

गंमत म्हणजे, जे लोक हे झाड विकायसाठी वाढवतात, ते हाताच्या गुणावर अजिबात विसंबत नाहीत. युरोप-अमेरिकेत कुंडीतल्या हायड्रेंजियाचा मोठा धंदा आहे आणि तो काटेकोर हिशोबानं चालतो. उन्हाळ्यात रोप वाढवायचं. शरदात गार रात्री द्यायच्या, म्हणजे डोळ्यात फूल धरतं. मग पानं उतरवून झाडं काही आठवडे शीतगृहात ठेवायची, फ्रीजच्या आत असते तेवढ्या थंडीत. मग हरितगृहात ऊब देऊन जागं करायचं. झाड उंच वाढू नये, कुंडीत गोंडस दिसावं म्हणून वाढ रोखणारी औषधंही फवारतात. शेवटी ईस्टर किंवा मदर्स डेच्या तोंडावर ते फुललेलं झाड दुकानात येतं. म्हणजे विकत घेतलेला गेंद हा कुणाच्या तरी शीतगृहाचा आणि वेळापत्रकाचा गुण असतो. तो मुळं असलेला पुष्पगुच्छ आहे. पुष्पगुच्छ म्हणून विका, माझी काही हरकत नाही. मीही कुणाच्या वाढदिवसाला नेईन. पण 'दरवर्षी फुलेल, काही करायला लागत नाही' म्हणून विकू नका.

माझी मागणी त्यामुळे फार साधी आहे. कुंडीला एक चिठ्ठी लावा. तिच्यावर तीन गोष्टी: जातीचं नाव, फूल जुन्या काडीवर येतं की नव्या, आणि झाडाला किती थंडी लागते. बियाण्याच्या पाकिटावर आणि औषधाच्या बाटलीवर माहिती छापावी लागते. मग जिवंत झाडावर फक्त किंमत का? नर्सरीवाल्यांना हे माहीत नसेल तर त्यांनी आपल्या पुरवठादाराला विचारावं. आपण विचारायला लागलो तर तेही विचारतील.

इथे एक दुसरी टोळी हमखास येते: 'परदेशी झाडं लावूच नका. आपलं देशी लावा.' या टोळीशीही माझं भांडण आहे. दसऱ्याला दाराला ज्याचं तोरण लावता तो झेंडू मेक्सिकोकडून आलेला. कंपाउंडवरची बोगनवेल दक्षिण अमेरिकेची. दोघांनाही आपल्याकडे कुणी परकं म्हणत नाही, कारण त्यांना आपली हवा मानवली. प्रश्न पासपोर्टचा नाही, पाऱ्याचा आहे. हायड्रेंजिया उटी, कोडाईकनाल, मुन्नार, दार्जिलिंगला रस्त्याच्या कडेला सुखानं फुलतो. तिथे कुणी त्याला केळ्याची सालं घालत नाही.

मग आपल्याकडे काय? इथे आपल्या भूगोलानं एक गमतीदार चेष्टा करून ठेवलीय. या झाडाला रंगासाठी माती लागते आणि फुलासाठी थंडी. माती आम्ल असली, म्हणजे तिचा सामू साडेपाचच्या खाली असला, की त्यातलं अ‍ॅल्युमिनियम मुळांना मिळतं आणि फूल निळं होतं. माती अल्कधर्मी असली की ते अडकून राहतं आणि फूल गुलाबी होतं. कोकणातली जांभ्याची तांबडी माती आम्ल, अ‍ॅल्युमिनियमनं भरलेली. निळ्या फुलासाठी अगदी हवी तशी. पण तिथे थंडी नाही. देशावर निदान रात्री तरी गारवा येतो, पण इथली काळी माती चुनखडीची. म्हणजे कोकणात रंग आहे आणि फूल नाही, देशावर फूल कदाचित आहे आणि निळा रंग नाही. माझ्या झाडाचे गेंद आणले तेव्हा निळसर होते, कारण ते कुणाच्या तरी आम्ल मातीत वाढले होते. माझ्या कुंडीत भले कोकोपीट असेल, पण वरून घालायला बोअरचं जड पाणी. ते पाणी हळूहळू सामू चढवतं. निळ्यासाठी तुरटी घाला म्हणतात. तुरटीत अ‍ॅल्युमिनियम असतं हे खरंच आहे, त्यामुळे हा उपाय निदान मूर्खपणाचा नाही. पण पाणी जड असेल तर तेही अडकून पडतं, आणि हात सैल सुटला तर मुळं जळतात. आणि मुळात फूलच नसेल तर रंग कशाला द्यायचा?

मुंबईकरांना मी खरं तेच सांगेन. तुमच्याकडे जानेवारीतही दिवसा पारा तिशीच्या आसपास असतो. तुमचा हायड्रेंजिया दुसऱ्यांदा फुलला नाही तर तुमचं काहीही चुकलेलं नाही. पुणे, नाशिककडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा बऱ्याचदा बाराच्या खाली जातो. दिवसा मात्र तोही तिशीला टेकतो. म्हणजे आपण काठावर आहोत. काठावर असलेल्यानं निदान हाती आलेलं कापून टाकू नये.

'एन्डलेस समर' नावाचं एक वाण २००४ मध्ये अमेरिकेत बाजारात आलं. ते जुन्या काडीवरही फुलतं आणि नव्यावरही. असं दोन्हीकडे फुलणारं वाण मिळालं तर काठावरच्या माणसाला एक जादा संधी मिळते. पण ते ओळखणार कसं? पुन्हा तीच चिठ्ठी.

नर्सरीतून परत आल्यावर मी झाड टाकलं नाही. फक्त काही गोष्टी करायच्या थांबवल्या. कात्री बंद. पावसाळा सरल्यावर खत बंद. ताक, खिळे, चहा बंद. सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी सावली असेल अशा जागी कुंडी ठेवली. नोव्हेंबर ते जानेवारी ती रात्रंदिवस गच्चीवर, मोकळ्या आभाळाखाली, तापलेल्या भिंतीपासून लांब. दुपारी पानं माना टाकायची. पहिल्यांदा घाबरून मी पाणी ओतत सुटले. मग कळलं की माती ओली असेल तर संध्याकाळी ती आपोआप उभी राहतात, आणि पाण्याचा भडिमार केला तर मुळं कुजतात. आता बोट खुपसून बघते, कोरडं लागलं तरच झारी उचलते.

तिसऱ्या वर्षी मार्चच्या शेवटी एका काडीच्या टोकाला ब्रोकोलीच्या तुऱ्यासारखं काहीतरी हिरवं दिसलं. त्यातून मुठीएवढा एक फिका गुलाबी झुबका आला. एकच. निळा नाही, फुटबॉलएवढा नाही, रीलमध्ये शोभणारा तर नाहीच. शिवाय आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो, त्या पाकळ्या नसतातच, ती निदलं असतात. खरं फूल आत, मोहरीएवढं. बोगनवेलीची रंगीत पानं आपल्याला फुलं वाटतात, तसाच प्रकार.

एका झुबक्यावरून मी काही सिद्ध केलंय असा माझा दावा नाही. पुढच्या वर्षी थंडी कमी पडली तर कदाचित तोही येणार नाही. तसं झालं तर मला कारण माहीत असेल, आणि ते कारण माझ्या हातात किंवा अंगात शोधायला कुणी येऊ नये.

काकूंना मी झुबका दाखवायला नेला. त्या म्हणाल्या, "बघ, शेवटी हाताला गुण आला." मी म्हटलं, "काकू, हात लावला नाही म्हणून आला." त्यांना ते पटलं नाही. पण जाताना त्यांनी विचारलं, त्यांच्या गच्चीवरच्या हायड्रेंजियाची छाटणी मग कधी करायची?

फुलं वाळली की लगेच, काकू. वाळलेला गेंद आणि त्याच्याखालची एक-दोन पेरं, बस्स. फेब्रुवारीत कात्री हातात आलीच, तर आधी काडीच्या टोकाला बोट लावून बघा. तिथला डोळा फुगलेला असेल, तर कात्री खाली ठेवा.